मार्गारेट रिव्हरला जाताना वाइनरींच्या यादीआधी नकाशा बघा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या मराठी घरांत हा संवाद ठरलेला असतो. पुण्याहून नाहीतर नाशिकहून मावशी-काका आलेले असतात. किंग्ज पार्क झालेलं असतं, रॉटनेस्ट बेटावर क्वोक्का नावाच्या छोट्या प्राण्यासोबत फोटो काढून झालेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, "या शनिवार-रविवारी मार्गारेट रिव्हरला जाऊ." मावशी विचारते, "काय आहे तिथं?" उत्तर येतं, "वाइनरी." आणि मावशीचा चेहरा पडतो, कारण घरात कोणी थेंबभरही घेत नाही.

चूक मावशीची नाही, उत्तराची आहे. मार्गारेट रिव्हर हा मुळात समुद्रालगत उत्तर-दक्षिण पसरलेला एक लांब, बुटका डोंगर आहे. उत्तर टोकाला केप नॅचरलिस्ट, दक्षिण टोकाला केप लूइन. खाली ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा कठीण खडक, वर चुनखडक. या चुनखडकात पाण्यानं गुहा कोरल्या, किनाऱ्यावर ग्रॅनाइट उघडा पडला तिथं लाटांचं नाटक सुरू झालं, आणि डोंगराच्या पूर्वेला खडक झिजून जी खडीमिश्रित माती तयार झाली तिच्यात द्राक्षवेली रुजल्या. म्हणून सहल आखताना वाइनरींची यादी करू नका. डोंगराचे तीन भाग करा, उत्तर, मधला आणि दक्षिण, आणि एका दिवसात एकच भाग घ्या. सकाळी दक्षिणेचं ऑगस्टा, दुपारी उत्तरेचं डन्सबरो आणि संध्याकाळी परत गावात असा बेत करणारे लोक दिवसभर गाडीच्या काचेतून झाडं बघतात.

## कधी जायचं

इथले मूळ रहिवासी वदांडी. ते नूंगार समाजातले, स्वतःला खाऱ्या पाण्याची माणसं म्हणवणारे. त्यांच्या वर्षात चार नाही, सहा ऋतू आहेत, आणि सहल ठरवायला तेच जास्त उपयोगी पडतात. बिराक आणि बुनुरु म्हणजे डिसेंबर ते मार्च: कोरडं, तापलेलं, पोहण्याचे दिवस. जेरान, एप्रिल-मे: वारा पडलेला, उन्हाची धार गेलेली. मकुरु, जून-जुलै: पाऊस आणि थंडी. जिल्बा, ऑगस्ट-सप्टेंबर: पाऊस ओसरता, रानफुलांची सुरुवात. कम्बारांग, ऑक्टोबर-नोव्हेंबर: सगळीकडे फुलं.

माझं मत विचाराल तर मार्चचा शेवट ते एप्रिल, किंवा मग सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिल्यात समुद्र अजून उबदार असतो आणि बागांमध्ये तोडणी चालू असते. दुसऱ्यात व्हेल दिसतात आणि रानऑर्किड फुलतात; या भागात त्यांच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. ख्रिसमसपासून जानेवारीअखेरपर्यंत सगळं पर्थ इथं लोटतं, त्यामुळे खोल्या महाग आणि रस्ते भरलेले. ईस्टरचंही तसंच. नोव्हेंबरच्या अखेरीला बारावी संपलेली पोरं डन्सबरोत धिंगाणा घालायला जमतात. त्या आठवड्यात वयस्कर पाहुण्यांना घेऊन तिकडे फिरकू नका.

पावसाळा मात्र अगदीच टाकाऊ नाही. गुहांना पावसाशी देणंघेणं नसतं, वाइनरींमध्ये शेकोटी पेटलेली असते, आणि खवळलेला समुद्र सुरक्षित अंतरावरून बघण्यासारखा असतो. कोकणातला जून आवडणाऱ्याला इथला जुलै आवडेल, फक्त स्वेटर दोन घ्या.

## जायचं कसं, राहायचं कुठं

पर्थहून मार्गारेट रिव्हर गाव साधारण २७० किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. बस आहेत, पण गावात उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहतो; वाइनरी, गुहा आणि किनारे विखुरलेले आहेत. गाडी हवीच. मेलबर्नहून येणाऱ्यांना बसेलटनला थेट विमान मिळतं, तिथून गाडी भाड्यानं घेता येते. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवायची. भारतातून आलेल्यांनी मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवावा, भाड्याची गाडी घेताना वाद होत नाहीत.

दोन रस्ते लक्षात ठेवा. बसेल हायवे डोंगराच्या पूर्वेनं जातो, सरळ आणि वेगवान. केव्ह्ज रोड समुद्राच्या बाजूनं जातो, वळणावळणाचा, आणि बघण्यासारखं जवळजवळ सगळं त्याच्याच दोन्ही अंगांना आहे. येताना हायवेनं या, फिरायला केव्ह्ज रोड वापरा. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर उडी घेतात, दिवे नाहीत, करी नावाच्या उंच झाडांच्या जंगलात मोबाइलही दगा देतो. त्या वेळी वेग कमी ठेवा आणि कांगारू समोर आला तर गाडी एकदम वळवू नका, ब्रेक दाबा. झाडावर आदळणं जास्त महागात पडतं.

मुक्कामाला तीन पर्याय. लहान मुलं आणि शांत पाणी हवं तर डन्सबरो. सगळ्याच्या मध्यावर राहायचं तर मार्गारेट रिव्हर गाव. नुसती शांतता हवी तर ऑगस्टा. मराठी कुटुंबानं स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं, हा अनुभवाचा सल्ला. हॉटेलांत शाकाहारी पदार्थ मिळतात, पण तिसऱ्या दिवशी काकांना वरण-भात आठवतोच. डाळ-तांदूळ पर्थहून न्या. भाज्या, पाव, चीज, ऑलिव्ह तेल शनिवारी सकाळी गावात भरणाऱ्या शेतकरी बाजारात छान मिळतात.

आणखी एक. भारतातून येताना आणलेलं खाणं विमानतळावरच्या कार्डावर प्रामाणिकपणे लिहा. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ बहुधा काढून घेतले जातात. सिडनी-मेलबर्नहून पश्चिम ऑस्ट्रेलियात येतानाही ताजी फळं आणि मध आणता येत नाही. हे देशांतर्गत विमानातही पाळावं लागतं आणि अनेकांना तिथंच कळतं.

## पहिला दिवस: उत्तरेचा शांत समुद्र

सुरुवात केप नॅचरलिस्टच्या दीपगृहापासून करा. १९०४ सालचं, स्थानिक चुनखडकात बांधलेलं, जेमतेम २० मीटर उंच. उंची टेकडीनं दिलेली आहे. केपचं नाव फ्रेंच आहे. १८०१ मध्ये निकोला बोदँची मोहीम दोन जहाजं घेऊन इथं आली. एकाचं नाव जिऑग्राफ, ते उपसागराला मिळालं. दुसऱ्याचं नॅचरलिस्ट, ते या टोकाला. याच मोहिमेतला तोमा वास नावाचा खलाशी लाटांमध्ये हरवला आणि जहाजं त्याला सोडून गेली. हे नाव लक्षात ठेवा, उद्या एका बाटलीवर भेटेल.

दीपगृहापासून शुगरलोफ खडकापर्यंत साडेतीन किलोमीटरची पायवाट आहे. एका वाटसरूनं चालत जायचं आणि दुसऱ्यानं गाडी घेऊन पुढे थांबायचं, ही आमच्या घरची पद्धत. खडकावर लाल शेपटीचे ट्रॉपिकबर्ड नावाचे पांढरे समुद्रपक्षी येतात. सप्टेंबर ते डिसेंबर इथून पिलांसह परतणाऱ्या हंपबॅक व्हेल दिसतात, कधी कधी निळे देवमासेही. दुर्बीण न्या. नसेल तर आधी पाण्यावर उडणारा फवारा शोधा, पाठ नंतर दिसते.

पोहण्यासाठी मीलप. हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे नैऋत्येचा वारा आणि मोठ्या लाटा डोंगर अडवतो. पाणी काचेसारखं, झाडं वाळूपर्यंत. सुट्टीत सकाळी नऊच्या आत पोचलात तरच गाडी लावायला जागा. दुपारी दक्षिणेला यालिंगपकडे वळा. गावांच्या नावांच्या शेवटी येणारा 'अप' हा नूंगार प्रत्यय, अर्थ ठिकाण. जसं आपल्याकडे वाडी किंवा पूर. कॅनाल रॉक्स इथं ग्रॅनाइटच्या भेगांमधून समुद्र आत-बाहेर करतो, त्यावर छोटा पूल आहे. थोडं पुढे इंजिडपला खडकांमध्ये तयार झालेलं कुंड आहे, लाट आली की त्यात फेस उसळतो. फोटो फार सुंदर येतात म्हणून गर्दी, आणि लाटा मोठ्या असतील त्या दिवशी तेच कुंड धोक्याचं. बाहेरचा खडक ओला दिसला तर आत उतरू नका.

वाटेत न्गिल्गी गुहा. १९०० पासून लोकांना खुली आहे. वदांडी कथेत न्गिल्गी हा चांगला आत्मा, त्यानं वॉल्गिन नावाच्या दुष्टाला या गुहेतून हाकललं. वदांडी वाटाड्यांसोबतची सहल मिळाली तर तीच घ्या, डिजरिडू या लांब आदिवासी फुंकवाद्याचा घुमणारा आवाज त्या पोकळीत ऐकल्यावर मावशी पहिल्यांदा म्हणाली, "बरं झालं आलो."

## दुसरा दिवस: बागा, आणि त्या इथं आल्या कशा

मधला भाग वाइनचा. त्यातही काळीज म्हणजे विल्याब्रप. पण चाखायला बसण्याआधी थोडी पूर्वकथा, म्हणजे ग्लासात काय आहे ते कळेल.

साठ वर्षांपूर्वी इथं गाईगुरं होती आणि फारसं काही नव्हतं. १९२० च्या दशकात सरकारनं ब्रिटनहून माणसं आणून जंगल तोडून दूधधंदा वसवायचा घाट घातला. अनेक कुटुंबांची त्यात दैना झाली. कौरामप गावात रस्त्याकडेला उभ्या फायबरच्या रंगीत गाई हा त्या दूधधंद्याचाच विनोदी अवशेष आहे. मुलांना तिथं उतरवा. मजा अशी की गावाच्या नावाचा इंग्रजी गाईशी काही संबंध नाही. ते एका छोट्या पोपटाच्या नूंगार नावावरून पडलंय.

वाइनची कल्पना शेतकऱ्याची नव्हे, अभ्यासकाची. कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक हॅरोल्ड ओल्मो १९५० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात येऊन गेले आणि थंड दक्षिणेकडे बघा म्हणाले. मग कृषिशास्त्रज्ञ जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी १९६५ मध्ये लिहिलं की मार्गारेट रिव्हरचं हवामान फ्रान्समधल्या बोर्दोशी जुळतं: पाऊस हिवाळ्यात, पिकण्याचे महिने कोरडे, समुद्रामुळे ना कडाका ना होरपळ. ते वाचून पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ टॉम कलिटी यांनी १९६७ मध्ये विल्याब्रपला वेली लावल्या. आठवडाभर रुग्ण तपासायचे आणि शनिवार-रविवारी कुदळ घ्यायची. बागेला नाव दिलं वास फेलिक्स; वास तो हरवलेला खलाशी आणि फेलिक्स म्हणजे लॅटिनमध्ये भाग्यवान. पहिली द्राक्षं पक्ष्यांनी आणि कुजीनं खाल्ली. पक्ष्यांना पळवायला त्यांनी बहिरी ससाणा आणला, तर तो सोडल्या सोडल्या उडून गेला. बाटलीवर मात्र तो अजून आहे.

मागोमाग १९६९ मध्ये मॉस वुड, लावणारे बिल पॅनेल, हेही डॉक्टर. १९७१ मध्ये कलन, लावणारे केव्हिन आणि डायाना कलन, केव्हिनही डॉक्टर. एवढ्या डॉक्टरांनी मिळून उभा केलेला वाइनचा प्रदेश मला दुसरा माहीत नाही. केप मेंटेल १९७० ची. तिच्या काबर्ने सोव्हिन्याँ या लाल वाइननं १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षं जिमी वॉटसन हा ऑस्ट्रेलियातला मानाचा वाइन करंडक जिंकला आणि पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी नकाशा उघडला. लूइन इस्टेटची जागा हेरण्यात कॅलिफोर्नियाचे वाइन उत्पादक रॉबर्ट मोंडावी यांचा हात होता. तिथल्या हिरवळीवर १९८५ पासून मोठ्या मैफली होतात. पहिली लंडन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची.

ग्लॅडस्टोन्स यांचं म्हणणं जमिनीवर ओळखायचं असेल तर मारी नावाचं झाड शोधा. लाल डिंक गाळणारं, खडबडीत सालीचं. जिथं मारी उंच वाढतं तिथं माती खडीमिश्रित, निचऱ्याची, म्हणजे वेलीला हवी तशी. हेच झाड दुसऱ्या कारणानंही महत्त्वाचं. तोडणीच्या सुमाराला मारी भरभरून फुलली तर सिल्व्हरआय नावाचे चिमुकले पक्षी मधावर जातात आणि द्राक्षं वाचतात. फुलं कमी आली की तेच पक्षी बागेवर तुटून पडतात. मार्चमध्ये रांगांवर पांढऱ्या जाळ्या दिसतील त्या यासाठी.

नाशिकहून आलेल्या काकांनी मला इथं एक प्रश्न विचारला होता, तो फार चांगला होता. "आमच्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च, इथं फेब्रुवारी ते एप्रिल. गोलार्ध उलटा, मग हंगाम एकच कसा?" उत्तर छाटणीत आहे. नाशिकचा बागायतदार एप्रिलमध्ये काड्या वाढवायला खरड छाटणी करतो, पाऊस सरताना फळासाठी गोडी छाटणी करतो, आणि फळ मुद्दाम कोरड्या हिवाळ्यात पिकवतो. इथं वेल हिवाळ्यात पानं झाडून झोपते, छाटणी वर्षातून एकदाच, आणि फळ कोरड्या उन्हाळ्यात पिकतं. दोघेही पाऊसच चुकवतायत. काकांनी त्यानंतर तिथल्या माळ्याला गाठून ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीची, उंची मोजायला सुरुवात केली आणि आम्ही अर्धा तास ताटकळलो. द्राक्षवाल्या पाहुण्यांसोबत हा वेळ हिशेबात धरा.

आता प्रत्यक्ष चाखणं. वाइनरीच्या चाखण्याच्या दालनाला इथं सेलर डोअर म्हणतात. बहुतेक साधारण दहा ते पाच उघडी. दिवसात तीन, फार तर चार. त्यापुढे जीभ बधिर होते आणि सगळं सारखंच लागतं. एक मोठी नावाजलेली घ्या, एक छोटी घरगुती घ्या आणि एक अशी घ्या जिथं जेवायचंय. जेवणाचं टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवा. चाखण्याचे बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, बाटली घेतली तर अनेकदा ते वळते होतात; आत शिरताच विचारा, त्यात संकोच नाही.

क्रम हलक्याकडून गडदकडे. आधी सोव्हिन्याँ ब्लाँ आणि सेमिलॉन या पांढऱ्या द्राक्षांचं मिश्रण: लिंबू, ओलं गवत, उन्हाळ्याची वाइन. मग शार्दोने, हीही पांढरी, या भागाची खरी शान. इथल्या शार्दोनेचा जुना वाण एकाच घडात मोठे आणि बारीक मणी धरतो; त्याला 'कोंबडी आणि पिल्लं' म्हणतात. बारीक मण्यांमुळे रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून वाइन दाट आणि आंबटपणा ताठ. शेवटी काबर्ने: काळ्या बोरांची चव, तमालपत्राचा वास आणि सुपारीसारखी जिभेला धरणारी तुरटी. नव्या माणसाला ती तुरटी दोष वाटते. मटणाच्या रश्शाबरोबर घेऊन बघा, दोष वाटेनासा होतो.

समोर पिकदाणीसारखं भांडं ठेवलेलं असतं. त्यात थुंकणं असभ्य नाही, गाडी चालवणाऱ्यासाठी ते सक्तीचंच समजा. कायद्यानं रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०५ टक्के आणि पोलीस कुठेही फुंकायला लावतात. चार ठिकाणचे चार-चार घोट मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. दिवसभर फिरवणाऱ्या छोट्या बस आहेत, त्या घ्या. नाहीतर न पिणाऱ्या मावशीचा जावई गाडीला ठेवा, म्हणजे त्याचाही मान राहतो.

न पिणाऱ्यांनी काय करायचं? पहिलं, तिथं कुणी आग्रह करत नाही. दुसरं, मेट्रिकपजवळ चॉकलेटचा कारखाना, कौरामपला चीज, आसपास ऑलिव्हच्या बागा. तिसरं, बागांमध्ये नुसतं बसणं. दुपारी चारला वेलींच्या रांगांवर पडलेलं तिरपं ऊन बघायला ग्लास लागत नाही.

संध्याकाळी एलेन्सब्रुक. बसेल कुटुंबातल्या अल्फ्रेड आणि एलेन यांचं १८५७ मधलं घर, ओढ्याकाठी. तिथून थोडं चाललं की मीकादराबीचा धबधबा येतो. नाव वदांडी, अर्थ चंद्राचं स्नानस्थळ. धबधबा म्हणजे आंबोली समजून जाऊ नका. पाण्याची एक वेणी आणि मागे गुहा एवढंच, पण जागा गार आहे.

या बसेल घराण्याचं नाव तुम्हाला हायवेवर, शहरावर, सगळीकडे दिसेल. नदीचं मार्गारेट हे नावही जॉन बसेल यांच्या नातलग मुलीचं. त्याआधी हे ठिकाण वुडिचप होतं. गोऱ्या वसाहतीची दुसरी बाजूही माहीत असावी. फेब्रुवारी १८४१ मध्ये वॉनरपजवळ एका वसाहतवाल्याचा भाल्यानं खून झाला आणि सूड म्हणून जॉन बसेल व कॅप्टन मोलॉय यांच्या लोकांनी कित्येक वदांडी माणसांना गोळ्या घातल्या. रस्त्याच्या पाट्यांवर हे लिहिलेलं नसतं.

## लाटा: बघायच्या की उतरायचं

प्रेव्हेलीचा सर्फर्स पॉइंट गावापासून दहा मिनिटांवर. इथं जगातले अव्वल सर्फर स्पर्धेला येतात. प्रेव्हेली या नावामागची गोष्ट मला आवडते: दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावरच्या प्रेव्हेली मठानं एका ऑस्ट्रेलियन सैनिकाला लपवलं, आणि परत आल्यावर त्यानं इथल्या वसाहतीला मठाचं नाव दिलं, पुढे एक छोटं ग्रीक देऊळही बांधलं.

ज्यानं कधी फळी हातात धरली नाही त्यानं मुख्य लाटेच्या आसपासही जाऊ नये. तिथं तळाशी खडक आहे. शिकायचं तर प्रशिक्षकासोबत, वाळूच्या तळावर. नदीच्या मुखाशी उन्हाळ्यात वाळूचा बांध तयार होऊन आतलं पाणी तलावासारखं थांबतं, लहान मुलांना ते पुरे. पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. समुद्राकडे नेणाऱ्या पाण्याची ओढ लागलीच तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झगडू नका, तरंगत राहा, हात वर करा. आपत्कालीन क्रमांक ०००.

आणि एक सूचना जी मी प्रत्येक पाहुण्याला देतो: चुनखडकाच्या कड्याखाली सावलीला बसू नका. २७ सप्टेंबर १९९६ रोजी ग्रेसटाउनला शाळेच्या सर्फिंग स्पर्धेच्या वेळी असाच कडा कोसळून नऊ जण गेले. तो दगड घट्ट दिसतो, पण मुळात ती गोठलेली वाळूच आहे.

## तिसरा दिवस: दक्षिण

या दिवशी लवकर निघा, कारण माझ्या मते हाच सर्वात भरगच्च दिवस आहे आणि लोक नेमका हाच गाळतात.

रेडगेट किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबा. १ डिसेंबर १८७६ रोजी जॉर्जेट नावाची आगबोट गळती लागून या भागात किनाऱ्याला लागली. ती आधी पाहिली सॅम आयझॅक्स या आदिवासी गुराख्यानं. त्यानं बसेलांच्या घरी वर्दी दिली, आणि सोळा वर्षांची ग्रेस बसेल आणि तो, दोघांनी घोडे लाटांत घालून सुमारे पन्नास माणसं बाहेर काढली. ग्रेसला रौप्यपदक मिळालं, सॅमला कांस्य. समोरच्या खडकाला आता आयझॅक्स रॉक म्हणतात.

पुढे गुहा. मॅमथ, लेक आणि ज्युएल, तिन्ही केव्ह्ज रोडलगत. तिन्ही एका दिवसात बघू नका, दोन पुरे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मॅमथ, ती आपल्या चालीनं, कानाला यंत्र लावून बघता येते. तिच्यात नामशेष झालेल्या प्रचंड प्राण्यांची हाडं सापडली आहेत. लेक केव्हला जायला खचलेल्या खड्ड्यात तीनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि अर्थातच परत चढायच्या. पण तळाशी स्थिर पाण्यावर लटकणारा चुन्याचा अवजड मेज दिसतो. तो आधी जमिनीला टेकलेला होता, खालची वाळू पाण्यानं वाहून नेली आणि तो छताच्या खांबांना टांगलेला राहिला. ज्युएल सर्वात मोठी. तिच्यात पाच मीटरहून लांब, पेंढ्याच्या काडीएवढा पोकळ लवणस्तंभ आहे. याच डोंगरातल्या डेव्हिल्स लेअर गुहेत सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत.

मग बोरानपचं जंगल. पांढऱ्या-गुलाबी सालीची करीची झाडं, सरळ, साठ मीटरपर्यंत. बघताना हे अनादि अरण्य वाटतं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एम. सी. डेव्हिस यांच्या लाकूड कंपनीनं हा भाग तोडला. इथल्या जारा या दुसऱ्या झाडाच्या लाकडी ठोकळ्यांनी लंडनचे रस्ते फरसबंद झाले. आज दिसतं ते त्यानंतर आपोआप उगवलेलं. लाकूड जिथून जहाजात चढायचं त्या हॅमेलिन बेच्या धक्क्याचे खांब अजून पाण्यात उभे आहेत, आणि त्यांच्याजवळ गुडघाभर पाण्यात पाकट मासे येतात, काही ताटाएवढे, काही जेवणाच्या टेबलाएवढे. मालवणच्या माणसाला पाकट म्हटल्यावर आधी सुकं आठवेल, पण इथं ते संरक्षित आहेत. त्यांना खायला घालू नका, पाठीवर हात ठेवू नका, शेपटीजवळ तर मुळीच जाऊ नका. त्यांच्या शेपटीला काटा असतो. स्थिर उभं राहिलं तर ते आपणहून पायांभोवती फिरतात.

शेवट केप लूइनला. ३९ मीटर उंच दीपगृह, १८९६ मध्ये पेटलेलं, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वात उंच. लूइन हे १६२२ मध्ये इथून गेलेल्या डच जहाजाचं नाव, अर्थ सिंहीण; टोकाला ते मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी १८०१ मध्ये दिलं. ऑस्ट्रेलियन नकाशांप्रमाणे हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर इथं भेटतात. पाण्यात रेघ शोधू नका, नसते. वर चढण्याचं तिकीट वारा बघून काढा. खाली जुनं लाकडी पाणचक्र आहे, क्षाराचे थर बसून पार दगड झालेलं. जून ते ऑगस्ट इथल्या फ्लिंडर्स बेमध्ये व्हेल अगदी किनाऱ्याशी येतात; बोटीवर जायचं तर मळमळीची गोळी अर्धा तास आधी.

## चालणाऱ्यांसाठी

दोन्ही दीपगृहांना जोडणारी केप टू केप पायवाट सुमारे १२५ किलोमीटरची. पूर्ण करायला पाच ते आठ दिवस. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ किरकोळ वाटेल, पण मऊ वाळू पोटऱ्या काढते. बोरानपच्या किनाऱ्यावरचे सहा-सात किलोमीटर ओहोटीला, पाण्याकाठच्या घट्ट वाळूवरून चाला. मार्गारेट नदीचं मुख पावसाळ्यात उघडं असतं, तेव्हा ओलांडायचा प्रयत्न न करता वळसा घ्या. पाणी रोज तीन लिटर धरा. वसंत-उन्हाळ्यात डुगाइट आणि टायगर जातीचे विषारी साप वाटेवर ऊन खात पडतात. बूट आणि लांब पँट, आणि पाय आपटत चाला. ज्या दिवशी आगीवर पूर्ण बंदी जाहीर असेल त्या दिवशी चूलही पेटवायची नाही. २०११ मध्ये वणवे टाळायला सरकारनं ठरवून लावलेली आग हाताबाहेर गेली आणि १८६५ चं वॉलक्लिफ हाउस जळून गेलं.

सायकलवाल्यांना वदांडी ट्रॅक, जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाट. कौरामप ते मार्गारेट रिव्हर हा तुकडा मुलांसह सहज होतो.

## परतताना

बाटल्या घ्यायच्या तर शेवटच्या दिवशी घ्या, आणि उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका; तीन तासांत चांगली काबर्ने काढ्यासारखी लागू शकते. इथल्या बहुतेक बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे भारतात नेल्यावर बूचखोल शोधावा लागत नाही. माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त नेता येतं, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.

रविवारी दुपारी सगळेच उत्तरेला निघतात. त्यापेक्षा सकाळी निघून बसेलटनला थांबा. १८६५ मध्ये सुरू झालेला तिथला लाकडी धक्का १८४१ मीटर समुद्रात जातो. छोटी आगगाडी टोकापर्यंत नेते, आणि टोकाला आठ मीटर खोल उतरून काचेतून खांबांवर वाढलेली प्रवाळं बघता येतात. तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा. जाताना गाडीनं जा, येताना चालत या. वारा पाठीवर असेल तर अर्धा तास, तोंडावर असेल तर टोपी हातात धरून पाऊण तास.